मेलेल्यांना प्रश्न विचारणारा डॉक्टर : जॉन स्कॉट हॉल्डेन

कोळशाच्या खाणीत स्फोट होतो आणि पन्नास-साठ माणसं जातात. ती कशानं गेली, असं कुणी विचारलं तर आपण त्याच्याकडे बघतच राहू. स्फोटानं गेली, आणखी कशानं? पण मित्रहो, हाच वेडगळ वाटणारा प्रश्न एका डॉक्टरनं विचारला, त्याचं उत्तर मोजून काढलं, आणि त्यामुळे पुढे जगभरच्या खाणींतली कितीतरी माणसं जिवंत घरी परतली. त्या डॉक्टरचं नाव जॉन स्कॉट हॉल्डेन. आपल्याकडे त्यांचा मुलगा जास्त परिचयाचा. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. पण वडिलांची गोष्टही मुलाइतकीच ऐकण्यासारखी आहे.

जॉन स्कॉट यांचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरोत झाला. घराणं खानदानी, स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये जमीनजुमला असलेलं. आजोबा जेम्स हॉल्डेन ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारात हिंदुस्थानच्या सफरी करणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. मनात पालट झाला तसं त्यांनी जहाज सोडलं आणि गावोगाव फिरून प्रभूची सुवार्ता सांगू लागले. थोरला भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचा युद्धमंत्री आणि नंतर लॉर्ड चॅन्सेलर झाला. जॉन मात्र डॉक्टरकी शिकला. १८८४ मध्ये पदवी हातात आली, पण दवाखाना काही थाटला नाही. त्याला रोग्याच्या नाडीपेक्षा त्याच्या भोवतालच्या हवेचं कुतूहल जास्त होतं.

पहिली नोकरी डंडी शहरात. तिथं गोरगरिबांच्या एकेका खोलीत सात-आठ माणसं झोपायची. मध्यरात्र उलटल्यावर हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी बाटल्या घेऊन अशा घरांची दारं ठोठवायचे आणि झोपलेल्या माणसांमधली हवा भरून आणायचे. शाळांची हवा तपासली, गटारांतही उतरून झालं. कोंदट हवा वाईट, हे कुणीही म्हणेल. ती किती वाईट, तिच्यात नेमकं काय, आणि ते अंगात काय करतं, हे त्यांना हवं असायचं. १८८७ पासून ते ऑक्सफर्डला आले आणि तिथून त्यांची पावलं खाणींकडे वळली.

आता थोडं खाणीतल्या हवेबद्दल. इंग्रज खाणकामगार वाईट हवेला डँप म्हणत. इथं डँप म्हणजे ओल नव्हे. हा शब्द वाफ या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या नात्यातला. फायरडँप म्हणजे मिथेन, पेट घेणारा. ब्लॅकडँप म्हणजे प्राणवायू उरलेला नाही अशी हवा, दिवा विझवणारी. आणि स्फोट होऊन गेल्यावर मागे जी हवा उरते ती आफ्टरडँप. या आफ्टरडँपमध्ये माणसं मरतात, हे कामगारांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. पण ती गुदमरून मरतात, प्राणवायू संपला म्हणून मरतात, असा सर्वसाधारण समज होता. म्हणजे मृत्यू अटळ. मग चौकशी स्फोट कसा झाला, ठिणगी कुठून आली, दोष कुणाचा, इथंच घुटमळायची. मेलेला माणूस कसा मेला, हा प्रश्न जवळजवळ मिटलेलाच होता.

२७ जानेवारी १८९६ च्या पहाटे दक्षिण वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट झाला. ५७ माणसं मेली. हॉल्डेन तिथं पोहोचले. त्यांनी मृतदेह एकेक करून पाहिले, रक्ताचे नमुने घेतले, खाणीतले मेलेले घोडेही तपासले. कोण कुठं पडलेला होता, स्फोटाच्या जागेपासून किती लांब, अंगावर भाजल्याच्या खुणा आहेत की नाहीत, सगळं टिपलं. बहुतेक देहांवर जीव जाण्याजोगी जखम नव्हती. उलट चेहरे गुलाबी, टवटवीत, जणू आत्ता डोळा लागलाय.

हा गुलाबी रंग हॉल्डेनना चांगला ओळखीचा होता, कारण तो त्यांनी स्वतःच्या रक्तात पाहिला होता. आदल्याच वर्षी त्यांनी प्रयोगशाळेत बसून कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा जाणूनबुजून श्वासात घेतली होती. मधून मधून बोट टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, त्याचा रंग जुळवून बघायचा, डोकं किती गरगरतं, पाय किती लटपटतात, ते वहीत लिहायचं. निम्म्याहून जास्त रक्त विषारी होईपर्यंत गडी थांबला नाही! हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. छातीत कोंडल्यासारखंही होत नाही. आधी पायांतली शक्ती जाते, मग डोकं चालेनासं होतं, आणि माणूस बसल्या जागी झोपी जातो.

टायलर्सटाउनचे मृतदेह हेच सांगत होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ब्रान्सपेथ आणि मिकलफील्ड इथं स्फोट झाले. मिकलफील्डला ६३ माणसं गेली. हॉल्डेननी या तिन्ही अपघातांचा मिळून अहवाल ब्रिटिश गृहमंत्र्यांना दिला. त्यात त्यांनी दाखवून दिलं की बहुसंख्य माणसं स्फोटाच्या धक्क्यानं किंवा ज्वाळांनी मेलीच नव्हती. ती स्फोटातून वाचली होती. कार्बन मोनॉक्साइडनं त्यांना नंतर मारलं.

या नंतर शब्दावर जरा थांबूया. स्फोटानं मेला म्हटलं की विषय संपला, देवाची इच्छा म्हणून डोळे पुसायचे. पण स्फोटानंतर मेला म्हटलं, की मधे वेळ होता हे कबूल करावं लागतं. काही मिनिटं, कधी त्याहून जास्त. आणि वेळ होता म्हटलं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. त्या वेळात आपण काय केलं? काय करू शकलो असतो? अपघाताच्या चौकशीला हॉल्डेननी हे वळण दिलं. दोषी शोधणं गरजेचं आहेच, पण पुढच्या वेळी कुणाला वाचवता येईल हे त्याच कागदातून निघालं पाहिजे.

उपायही त्यांनीच सुचवला, आणि तो अगदी साधा होता. कामगारांचा सारा विश्वास दिव्यावर. दिवा विझला तर पळायचं, जळतोय तर ठीक. पण मोनॉक्साइडमध्ये दिवा मजेत जळत राहतो आणि तो हातात धरणारा कोसळतो. म्हणून बचावाला जाणाऱ्यांनी बरोबर छोटा प्राणी न्यावा, असं हॉल्डेननी सांगितलं. लहान जिवाचा श्वास आणि रक्ताभिसरण दोन्ही वेगवान, त्यामुळे त्याला विष माणसाच्या कितीतरी आधी चढतं. आधी उंदीर, मग कनारी पक्षी. उंदीर गप्प बसलाय की बेशुद्ध आहे ते चटकन कळत नाही. कनारी मात्र दांडीवरून खालीच पडतो. तो पडला की माणसांनी मागं फिरायचं. पुढे पिंजऱ्यालाच प्राणवायूचं छोटं नळकांडं जोडू लागले, म्हणजे पक्षीही शुद्धीवर यावा. ब्रिटनच्या खाणींतून कनारींना निरोप द्यायचं ठरलं ते थेट १९८६ मध्ये, इलेक्ट्रॉनिक यंत्रं आल्यावर.

१८९७ च्या मे महिन्यात आइल ऑफ मॅन बेटावरच्या स्नेफेल शिशाच्या खाणीत लाकडं पेटली आणि त्याच वायूनं २० कामगार मेले. खाण-निरीक्षक क्लेमेंट ल नेव्ह फॉस्टर चौकशीला खाली उतरले आणि स्वतःच विषात सापडले. वर येण्याची वाट बघत असताना, डोकं चालेनासं होत असताना, त्यांनी खिशातल्या वहीत काय होतंय ते लिहून ठेवलं, घरच्यांचा निरोपही लिहिला. ते वाचले. विष चढताना माणसाचं मन कसं वागतं याचा आतून लिहिलेला पुरावाच त्या वहीमुळे मिळाला. खाणीतली हवा कशी तपासावी यावर हॉल्डेन आणि फॉस्टर यांचं पुस्तक १९०५ मध्ये आलं, पण ते बघायला फॉस्टर राहिले नव्हते.

हॉल्डेन काही एका शोधावर बसून राहिले नाहीत. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणीत कामगार पांढरेफटक पडत होते. त्याचं कारण आतड्यातले हुककृमी आहेत, हे त्यांनी शोधलं. खाणीतली उष्ण ओल आणि शौचालयांचा अभाव, यामुळे ते फैलावत होते. तिथलेच यांत्रिक ड्रिल चालवणारे तरुण दगडाच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होऊन मरत होते, तेही त्यांनी दाखवलं. पाणबुड्यांनी खोल समुद्रातून किती सावकाश वर यावं याची कोष्टकं त्यांनीच बसवली. १९१५ मध्ये जर्मनांनी रणांगणावर विषारी वायू सोडला, तेव्हा तो क्लोरीन आहे हे ओळखायला सरकारनं हॉल्डेननाच धाडलं.

मुलगाही या सगळ्यात लहानपणापासून ओढला गेला. एकदा खाणीत उतरल्यावर त्यांनी पोराला एका जागी उभं करून शेक्सपिअरच्या नाटकातलं मार्क अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. पोरगं काही ओळींतच धाप लागून खाली कोसळलं. खाली पडल्यावर मात्र त्याला नीट श्वास घेता आला. मिथेन हलका, तो वर छताशी साठतो. हा धडा तो जन्मभर विसरला नाही. आजच्या आईबापांनी याचं अनुकरण करू नये, एवढंच!

पण चरित्र म्हणजे आरती नव्हे. दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली, ज्ञान अहवालात असणं वेगळं आणि खाणीत असणं वेगळं. १९१३ मध्ये वेल्समधल्याच सेंगेनिड खाणीत ४३९ कामगार मेले. हवेचा प्रवाह उलटा फिरवता येईल असा पंखा ठेवणं कायद्यानं सक्तीचं झालं होतं, तो तिथं नव्हता. खाणीच्या व्यवस्थापकाला दंड झाला २४ पौंड.

दुसरी गोष्ट खुद्द हॉल्डेनची. १९१२ पासून ते खाणमालकांनी चालवलेल्या संशोधन-प्रयोगशाळेचे प्रमुख होते. दगडाची धूळ घातक हे त्यांनीच सिद्ध केलं होतं. पण कोळशाची धूळ फुप्फुसाला फारशी बाधत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांचा दबदबा एवढा की ते मत बरीच वर्षं चाललं. ते चुकीचं होतं. दक्षिण वेल्समध्ये, म्हणजे जिथल्या मृतदेहांनी त्यांना सत्य सांगितलं होतं तिथंच, हजारो कामगार खोकत खोकत अकाली म्हातारे होत होते. कोळशाच्या धुळीचा हा रोग नुकसानभरपाईच्या कायद्यात आला तो १९४३ मध्ये, हॉल्डेन गेल्यावर सात वर्षांनी. स्फोट एका क्षणात होतो, मृतदेह रांगेनं समोर येतात, म्हणून त्याची चौकशी होते. तीस वर्षं चाललेल्या अपघाताचा पंचनामा कोण करणार? इतक्या सावध माणसाच्या नजरेतूनही तो निसटला.

अखेरपर्यंत हॉल्डेन धावपळ करतच राहिले. पंचाहत्तरी गाठल्यावर ते इराणकडे गेले. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत कामगारांना उष्माघात का होतो, ते बघायला. परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला त्यांचं निधन झालं. ज्याचं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या श्वासाची काळजी करण्यात गेलं, त्याला अखेर फुप्फुसांनीच दगा दिला.

आज आपल्याकडे कोळशाच्या भूमिगत खाणीत उतरणाऱ्या कामगाराच्या कमरेला सेल्फ-रेस्क्यूअर नावाचा डबा असतो. आग लागली, स्फोट झाला, तर तो तोंडाला लावायचा आणि चालू लागायचं. तो डबा म्हणजे मोनॉक्साइडशी झुंजायला मिळालेली थोडी मिनिटं. टायलर्सटाउनच्या त्या माणसांपाशीही अशी थोडी मिनिटं होती, हे हॉल्डेननी सांगितलं नसतं तर तो डबा बनवायचं कुणाला सुचलं असतं? यापुढे कुठल्याही अपघाताची बातमी वाचताना मृतांचा आकडा वाचून पान उलटू नका. स्फोटात मेले, आगीत मेले, पडून मेले, या दोन-दोन शब्दांच्या मागे मधे वेळ किती होता, हे विचारा. चौकशीची खरी सुरुवात तिथून होते.