विश्लेषण : रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे कोण होते? मालकांशी सहा वर्षांचा लढा कसा झाला?

कामाचे तास, सुट्टी किंवा पगाराची तारीख मालकाने परस्पर ठरवली, तर दाद कुठे मागायची? १८८० च्या दशकात मुंबईतील गिरणी कामगारांसमोर हाच प्रश्न होता. त्यांची नाराजी लेखी मागण्यांत मांडली नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

स्टोअरकीपर ते संपादक

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केल्यानंतर ते मुंबईतील मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. महात्मा फुले यांचे सहकारी असलेल्या लोखंडे यांनी १८८० मध्ये ‘दीनबंधू’ची सूत्रे हाती घेतली आणि हे प्रश्न वृत्तपत्रातून मांडायला सुरुवात केली.

नाराजी कशामुळे होती?

गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती, पगार रखडत असे. १८८१ चा कारखाना कायदा मुख्यतः बालकामगारांपुरता होता. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांवर त्यात मर्यादा नव्हती.

मागण्या काय होत्या?

सरकारने नेमलेल्या आयोगासमोर बाजू मांडण्यासाठी सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या अशा :

- रविवारी पूर्ण सुट्टी
- दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती
- सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम
- मागील महिन्याचा पगार १५ तारखेपर्यंत
- कामावर जखमी झाल्यास बरे होईपर्यंत पगार, कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय

मालक कधी नमले?

त्यासाठी सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत झालेल्या सभेला सुमारे १० हजार कामगार जमले. त्यात दोन महिला कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारच्या विश्रांतीची तरतूद केली.

संघटनेच्या मर्यादा कोणत्या?

लोखंडे यांनी स्थापन केलेली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन देशातील पहिली कामगार संघटना म्हणून ओळखली जाते. मात्र, तिच्याकडे सभासदांची नोंद, वर्गणी किंवा नियमावली नव्हती. संपापेक्षा अर्ज, सभा आणि वृत्तपत्र हीच तिची साधने होती. त्यामुळे लोखंडे यांच्यानंतर ती टिकली नाही.

मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा ते रुग्णसेवेत उतरले. त्याच आजाराने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.

१८८४ च्या निवेदनातील कामाच्या तासांचा प्रश्न मात्र तेव्हाही सुटलेला नव्हता. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची कायदेशीर मर्यादा आली ती १९११ मध्ये.