नांगर विकणारे कर्मवीर

दहावीचा निकाल लागला की किन्हवली परिसरात घरोघर एकच चौकशी, टक्के किती पडले? कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज, जि. कोल्हापूर. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव फिरले, अन् शेतकऱ्याचं पोर शाळेबाहेर का राहतं ते त्यांना तिथंच उमगलं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, स्वयंपाक आपणच करीत, शेतात राबत. धान्य संपलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. पैसे नसतील त्यानं श्रम करून शिकायचं, म्हणजेच कमवा आणि शिका. लावणीला चिखलात उतरणाऱ्या आपल्या पोराला ढ म्हणणाऱ्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. कुदळ धरणारी तीच पोरं पुढे मॅट्रिक झाली, कॉलेजात गेली. १९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.