इरावतीबाई कर्वे

ब्रह्मदेशातील इरावती नदीवरून जिचे नाव ठेवले गेले, ती मुलगी १५ डिसेंबर १९०५ रोजी तेथेच जन्मली. सातव्या वर्षी ती शिक्षणासाठी पुण्यास आली. १९२८ मध्ये इरावतीबाई उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेल्या. बर्लिन येथील त्यांचे गुरू डॉ. फिशर यांच्या मते वंशभेद कवटीच्या ठेवणीतही दिसावयास हवा होता. इरावतीबाईंनी कवट्या काळजीपूर्वक मोजल्या. तसा भेद आढळला नाही. गुरूंच्या मताविरुद्ध जाणारा तो निष्कर्ष त्यांनी निर्भयपणे प्रबंधात मांडला.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन करू लागल्या. बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या अलग राहिलेल्या जीवांत हळूहळू वेगळेपण येते. आपसांतच विवाह करणारे मनुष्यसमूह हीदेखील एक प्रकारची बेटेच होत. अशा लोकांची मापे घेत त्या गावोगाव हिंडल्या. समान दर्जाच्या आठ समूहांची तुलना त्यांनी डॉ. मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. दर्जा सारखा असूनही त्यांच्या शरीरलक्षणांत भेद आढळले. म्हणजेच अशा भेदांवरून कोणी उच्च वा नीच ठरत नाही.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्या निवर्तल्या. भेद नव्हता तेथे त्यांनी तो कल्पिला नाही. होता तेथे लपविला नाही.