भास्कराचार्य : माथ्यावरचे शून्य ओळखणारा गणिती

शिवनेरीचा माथा भोवतालच्या उतारांहून उंच आहे. परंतु हरिश्चंद्रगडापुढे तो ठेंगणाच. गणितात अशा माथ्याला सापेक्ष कमाल म्हणतात. ती शोधण्याचे मर्म आठशे वर्षांपूर्वी ज्यांच्या हाती लागले, ते भास्कराचार्य आपल्याच सह्याद्रीच्या आश्रयाने राहणारे होते.

त्यांचा जन्म इ.स. १११४ चा, गाव विज्जडविड. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणि' रचला. 'करणकुतूहल' लिहिले तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. दहावी झाली, आता शिक्षण पुरे, असे म्हणणाऱ्या पालकांनी हे वय जरूर पाहावे.

ग्रह एकसारख्या वेगाने चालत नाही. गणिताने काढलेले त्याचे मध्यम स्थान आणि खरे स्थान यांतील अंतर वाढत जाते, कमाल होते आणि पुन्हा घटते. भास्कराचार्यांनी दिवसाच्या गतीवर न थांबता त्या क्षणाच्या, म्हणजे तात्कालिक गतीचा विचार केला. अंतर जेथे सर्वांत जास्त, तेथे त्याची वाढ शून्य, हे त्यांनी ओळखले. माथ्यावर चढ संपलेला असतो आणि उतार अजून लागलेला नसतो, तसेच हे.

आता वावरात या. १०० मीटर तारेत टोमॅटोच्या रोपांसाठी आयताकृती जागा घेरायची आहे. एक बाजू क्ष, तर दुसरी ५० − क्ष. क्षेत्रफळ ५०क्ष − क्ष². त्याचा विकलज ५० − २क्ष. तो शून्य धरला की क्ष = २५. जागा चौरस झाली, ६२५ चौरस मीटर. दुसरा विकलज −२, ऋण, म्हणून ही कमाल. धन असता तर किमान.

कलनशास्त्र भास्कराचार्यांनीच शोधले, असे काहीजण सांगतात. मला ते पटत नाही. त्यांना मर्म सापडले ते ग्रहगणितापुरते. त्याच सुमारास तूसचे शरफुद्दीन घनसमीकरणांतील कमाल किंमत शोधत होते. सर्व फलनांना लागू पडणारी रीत मात्र सतराव्या शतकात फर्मा, न्यूटन व लायब्निझ यांच्या हातून घडली.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. बाजारातील मालावरचा राजाचा कर त्या मठाला दिला होता आणि तेलाच्या घाण्यांवरूनही त्याला वाटा मिळे. पुढे अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत आणली. 'बीजगणित' शाहजहानच्या काळात अताउल्ला रशीदी यांनी फारसीत नेले. ताजमहालाचे स्थपती उस्ताद अहमद लाहोरी यांचे ते चिरंजीव.