एका पंगतीची शाळा

शाळाशाळांतून रोज सकाळी बंधुभावाची प्रतिज्ञा म्हटली जाते. पण मधल्या सुट्टीत डबे उघडले की आडनाव विचारले जाते, टोपीवरून, गळ्यातल्या माळेवरून चिडवले जाते. हे विष मुलांच्या मनात आपोआप उगवत नाही. ते घराघरांतून, चौकाचौकांतून पेरले जाते. त्यावर उतारा काय, याचे उत्तर साताऱ्याच्या मातीत एका माणसाने कृतीने देऊन ठेवले आहे. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांचे नाव दाखल झाले. त्या काळात शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपायाने नळ उघडल्याशिवाय पाणी मिळत नसे. त्याच साताऱ्यात अवघ्या २४ वर्षांनी भाऊरावांनी सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसवली!

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजच्या जैन कुटुंबातला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर विटाळ झाला म्हणून आंघोळीचा हुकूम झाला. भाऊरावांनी तो धुडकावला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या सहवासात आणि सत्यशोधक विचारात हा तरुण घडला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली व तिथे वसतिगृह सुरू झाले.

या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुस्लिम, जैन अशी सारी मुले होती. इथे सहिष्णुतेवर व्याख्याने झोडली जात नव्हती. मुले पाळीपाळीने पाणी भरत, दळण दळत, स्वयंपाक करत आणि एकत्र जेवत. ज्याच्या हातची भाकरी आपण रोज खातो त्याचा द्वेष करणे अवघड जाते, एवढे साधे शहाणपण त्यामागे होते. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले.

या प्रयोगाची किंमत घरातून मोजली गेली. जैन घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी या सगळ्या मुलांना आपलीच मानले. धान्य संपले तेव्हा त्यांनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. या माऊलीचा त्याग आपल्या पाठ्यपुस्तकांत किती ओळींत येतो?

पुढे १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवणारे अध्यापक विद्यालय आले, कारण मुले समतेत वाढायची तर शिक्षकही त्याच मुशीतला हवा हे कर्मवीर जाणून होते. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेच्या साताऱ्यातील विधी महाविद्यालयाला आज इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

एक भेद मात्र विसरता कामा नये. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या श्रद्धेचा, सणाचा, अन्नाचा आदर करायचा. पण धर्माच्या नावाने माणसाला विटाळ मानणाऱ्या रूढीपुढे मान तुकवायची नाही. भाऊरावांनी आंघोळ नाकारली ती याच कारणाने, आणि पंगत मांडली तीही याच कारणाने.

आपल्या वस्तीतल्या शाळेत मुले डबा कोणासोबत खातात, शिक्षक कोणाला कुठे बसवतात, ईद, नाताळ आणि बुद्धपौर्णिमेची माहिती वर्गात दिली जाते का, हे पालक म्हणून आपण कधी विचारतो? कार्यकर्त्यांनी शाळेच्या पालकसभेत हा प्रश्न उभा करावा. कर्मवीरांना तेच खरे अभिवादन ठरेल.