कुलाबा वेधशाळेचे नानाभाई मूस



पावसाळा ऐन भरात आला की सांगलीकरांचे लक्ष एका आकड्याकडे लागते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे? महाबळेश्वरला पाऊस किती पडला आणि कोयनेच्या धरणातून पाणी किती सोडले, यावर तो आकडा चढतो वा उतरतो. 2005 साली तो 53 फुटांच्या वर गेला होता आणि 2019 साली 57 फुटांच्या वर. आता घटकाभर विचार करा. मागच्या वर्षांचे आकडे कोणी लिहूनच ठेवले नसते, तर आज पाणी 45 फुटांवर आहे या बातमीला काय अर्थ राहिला असता? घर सोडावे की थांबावे, हे नदीकाठच्या माणसाने कशावरून ठरवले असते?

एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही. वर्षानुवर्षांचे आकडे शेजारी ठेवले म्हणजे त्यातून ज्ञान तयार होते. हे काम करणाऱ्या माणसांची नावे वर्तमानपत्रात क्वचितच येतात. अशाच एका थोर पुरुषाची ओळख आज आपण करून घेऊ. त्यांचे नाव नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक.

नानाभाईंचा जन्म 1859 साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. हे साल लक्षात ठेवा, त्याचा संबंध पुढे येणार आहे. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठातून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली. त्या काळी इंजिनिअर झालेल्या तरुणाला पूल, रस्ते, रेल्वे, कालवे अशी मानाची आणि डोळ्यांत भरणारी कामे मिळत. नानाभाईंच्या वाट्याला मात्र असे काम आले की, ते वर्षानुवर्षे केले तरी दाखवायला नोंदवह्यांखेरीज काही नसते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली स्थापन केली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि ताऱ्यांचे वेध घ्यावेत, हा मूळ हेतू होता. 1841 पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकशक्तीची मोजणी सुरू झाली. अलिबागजवळच्या नागावचे सुपुत्र आणि पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून प्रसिद्धीस आलेले गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी ऐन तारुण्यात याच वेधशाळेत मदतनीस म्हणून काम केले होते. परंतु संचालकाच्या खुर्चीवर नेहमी साहेबच बसत असे. चार्ल्स चेंबर्स हे संचालक 1896 साली वारले, आणि सत्तर वर्षांत प्रथमच ती जबाबदारी एका भारतीयाकडे आली. नानाभाईंचे वय तेव्हा 36 होते.

1896 हे साल मुंबईच्या इतिहासात दुसऱ्याच कारणाने काळ्या अक्षरांत लिहिले आहे. त्याच वर्षी शहरात प्लेग सुरू झाला. माणसे घरदार टाकून गावोगावी पळाली, गिरण्या ओस पडल्या. तरीही वेधशाळेचे काम थांबवणे शक्य नव्हते. ते का, हे समजण्यासाठी तेथील एका वर्षाचे काम कसे चाले ते पाहू.

विद्यार्थी मित्रहो, होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करून स्थिर राहते असे आपण शाळेत शिकतो. खरे पाहता ती पूर्णपणे स्थिर कधीच नसते. दिवसभरात ती किंचित इकडे आणि किंचित तिकडे सरकते. ही हालचाल इतकी बारीक की साध्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वेधशाळेत लोहचुंबकाला लहानसा आरसा लावीत. अंधाऱ्या खोलीत आरशावर दिव्याचा किरण पडे आणि तो परतून फिरत्या रुळावरच्या फोटोच्या कागदावर उमटे. चुंबक हलला की कागदावरची रेघ हले. 1872 पासून कुलाब्याला ही पद्धत होती. त्याआधी माणूस दुर्बिणीतून पाहून तासातासाला आकडा लिहीत असे, दिवसा आणि रात्रीही.

कागदावर रेघ उमटली म्हणजे काम संपले असे नव्हे. रोज कागद बदलायचा, धुवायचा, वाळवायचा. मग त्या रेघेवरून प्रत्येक तासाचे माप काढायचे. खोलीचे तापमान वाढले तर चुंबकाची शक्ती थोडी कमी होते, म्हणून त्याची दुरुस्ती करायची. आणि उपकरण खोटे तर बोलत नाही ना, हे पाहण्यासाठी ठरावीक दिवसांनी दुसऱ्या स्वतंत्र उपकरणाने ताडा घ्यायचा. वर्षाचे तास 8,760. सुईची दिशा, आडवे बल आणि उभे बल अशी तीन मापे तासातासाला घेतली, तर एका वर्षाचे 26,280 आकडे होतात. त्यांच्या दिवसाच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सरासऱ्या हाताने काढायच्या, कारण तेव्हा संगणक नव्हते. याखेरीज हवेचा दाब, तापमान, वारा आणि पाऊस यांच्या नोंदी असत. ताऱ्यांवरून घड्याळ लावून जहाजांना वेळेचा इशारा देण्याचे कामही होते. आजही मुंबईच्या पावसाची बातमी येते तेव्हा सांताक्रूझबरोबर कुलाब्याचा आकडा सांगतात, तो याच जुन्या परंपरेतला.

पृथ्वीचा चुंबक दिवाळी, ईद, पतेती, नाताळ पाळत नाही. एक दिवस नोंद चुकली तर तो दिवस कायमचा गेला. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वर्षाचा अभ्यास भरून काढता येईल असे काही मुलांना वाटते. वेधशाळेत अशी पळवाट नव्हती. म्हणूनच प्लेगच्या काळातही काम चालू ठेवावे लागले.

याच सुमारास आणखी एक काम वेधशाळेकडे आले. 1897 साली आसामात प्रचंड भूकंप झाला आणि त्यानंतर कुलाब्याला मिल्न यांच्या पद्धतीचे भूकंपमापक यंत्र बसले. सातारा जिल्ह्यातील वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पाटण तालुक्यात काय केले, ते आजी-आजोबांकडून तुम्ही ऐकलेच असेल. धरणात 1962 पासून पाणी साठू लागल्यावर लहान लहान धक्के जाणवत होते आणि ते टिपण्यासाठी यंत्रेही बसवली होती. त्या नोंदी होत्या म्हणूनच कोयनेचा भूकंप साऱ्या जगाच्या अभ्यासाचा विषय झाला. आज कराडजवळ हजारमाचीला भूकंपाच्या अभ्यासाची केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी आहे. जमिनीचे ऐकण्याची जी सवय कुलाब्यात लागली, ती अशी आपल्या दारापर्यंत आली.

आता नानाभाईंच्या आयुष्यातील कसोटीच्या प्रसंगाकडे वळू. मुंबईत 1874 पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. नव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरू लागले. लोकांना त्या हव्या होत्या आणि शहरालाही त्यांची गरज होती. परंतु विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परत जाताना त्याचा काही भाग जमिनीत झिरपतो. जेथे वीज वाहते तेथे चुंबकत्व निर्माण होते. म्हणजे कुलाब्याच्या चुंबकाने यापुढे पृथ्वीची हालचाल नोंदवायची की ट्रामची, असा प्रश्न उभा राहिला.

अशा वेळी माणूस दोन चुका करतो. एक म्हणजे नव्या गोष्टीला नुसता विरोध करीत बसणे, आणि दुसरी म्हणजे चालायचेच म्हणून सदोष काम करीत राहणे. नानाभाईंनी दोन्ही टाळल्या. वेधशाळेचा चुंबकी विभाग मुंबईबाहेर हलवायचा असे ठरले आणि जागा निवडली ती खाडीपलीकडच्या अलिबागची. मुंबईपासून फार दूर नाही, पण शहराच्या विजेपासून सुरक्षित. तेथे खास इमारत बांधली. दगडात लोहचुंबकी अंश असू शकतो, म्हणून दगड तपासून मगच वापरले. बांधकामात लोखंड नाही, त्याऐवजी तांबे आणि पितळ. आतले तापमान फार बदलू नये म्हणून खोलीच्या आत खोली. अशा जागेचा नियमच असतो की किल्ल्या, चाकू खिशातून काढून बाहेर ठेवावेत आणि मगच आत पाऊल टाकावे.

पण नानाभाईंच्या बुद्धीचे खरे दर्शन पुढे होते. नवी वेधशाळा 1904 साली सुरू झाली, तरी जुनी लगेच बंद केली नाही. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दुप्पट कष्ट कशासाठी? दुकानदार जुना काटा टाकून नवा आणतो, तेव्हा तीच वस्तू दोन्ही काट्यांवर तोलून पाहतो, नाहीतर कालचा किलो आणि आजचा किलो सारखाच आहे याची खात्री कशी द्यायची? तोच हा न्याय. कुलाब्याचे आकडे आणि अलिबागचे आकडे यांत फरक किती, हे कळले म्हणजे जुनी साखळी नव्या साखळीला जोडता येते. ती जोडली गेली. मग 1906 साली कुलाब्याची चुंबकी नोंद थांबली आणि 1907 साली मुंबईत विजेची ट्राम धावली. शहराचेही अडले नाही आणि विज्ञानाचेही नाही. पुढे 1964 साली मुंबईची ट्राम बंद झाली. अलिबागची वेधशाळा मात्र आजही चालू आहे.

साखळी तुटते तेव्हा काय होते, हे इतिहासात पाहावे. समरकंदचा सुलतान उलुघ बेग हा स्वतः मोठा ज्योतिर्विद होता. त्याने उभारलेल्या वेधशाळेतील ताऱ्यांच्या सारण्या जगभर नावाजल्या गेल्या. पण 1449 साली त्याची हत्या झाली आणि वेधशाळा ओसाड पडली. आपल्याकडे सवाई जयसिंगाने दिल्ली-जयपूरला भव्य यंत्रे बांधली, आणि 1743 साली त्याच्या मृत्यूनंतर तेथील कामही मंदावत गेले. माणूस गेला की काम संपले, असे झाले. नानाभाईंनी काम माणसावर अवलंबून ठेवले नाही.

1910 साली त्यांनी 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या चुंबकी नोंदी आणि त्यांचे विवेचन दोन जाडजूड भागांत प्रसिद्ध केले. त्यांतील बहुतेक नोंदी त्यांच्या आधीच्या माणसांनी घेतलेल्या होत्या. त्यांनी त्या तपासल्या, मांडल्या आणि त्यांतून अर्थ काढला. कधी कधी पृथ्वीच्या चुंबकशक्तीत एकाएकी खळबळ होते, तिला चुंबकी वादळ म्हणतात. एकेक वादळ वेगळे आणि गोंधळाचे दिसते. नानाभाईंनी अनेक वादळे एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली, तेव्हा त्यांचा समान आकार पुढे आला. आधी चटकन वाढ, मग मोठी घट, आणि नंतर दिवसेंदिवस हळूहळू पूर्वपद. पुढे सिडनी चॅपमन यांच्यासारख्या इंग्रज शास्त्रज्ञाने याच वाटेने अभ्यास पुढे नेला.

आता त्या 1859 सालाकडे परत येऊ. त्या वर्षी 1 सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक तेजस्वी स्फोट दिसला. त्यानंतर एक दिवसही उलटला नाही तोच पृथ्वीवर प्रचंड चुंबकी वादळ आले आणि युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. युरोपातील कित्येक उपकरणांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या. त्या दिवशी कुलाब्याला मात्र माणूस दुर्बिणीला डोळा लावून आकडे लिहीत होता. आडव्या बलात सुमारे 1,600 नॅनोटेस्लाची घट त्याने टिपली. एरवी ज्याला मोठे वादळ म्हणतात त्यात ही घट शंभर-दोनशेच्या घरात असते. 2003 साली, म्हणजे 144 वर्षांनी, भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी हीच नोंद पुढे ठेवून त्या वादळाचे सामर्थ्य ठरवले.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. 13 मार्च 1989 रोजी त्याहून बऱ्याच लहान वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली आणि लाखो लोक अंधारात राहिले. आज आपली वीज, विमाने, उपग्रह आणि हातातला मोबाईल हे सारे एकमेकांत गुंतलेले आहे. वाईटात वाईट वादळ किती मोठे असू शकते, याचा अंदाज घेताना जगातील शास्त्रज्ञ कुलाब्याची ती वही उघडतात. ती लिहिणाऱ्याने त्या दिवशी फक्त आपली पाळी नीट सांभाळली होती.

नानाभाई 1919 साली निवृत्त झाले आणि 1936 साली वारले. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्व देऊन गौरविले होते. 1971 साली कुलाबा-अलिबागच्या कामातूनच भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली.

पालकहो, आपल्या मुलाने पहिला नंबर काढावा असे प्रत्येकाला वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु मुलगा किंवा मुलगी वर्षातील किती दिवस शाळेत जाते, रोजचा धडा रोज करते की नाही, हेही विचारीत जा. लग्नसराईत किंवा सुगीत आठ दिवस शाळा बुडाली तर काय मोठेसे, असे म्हणू नका. त्या आठ दिवसांची पाने कोरी राहतात आणि पुढचे गणित तेथेच अडते.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एक सोपे काम सांगतो. एक सरळ काठाचा डबा घ्या, तो उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यातले पाणी पट्टीने मोजून वहीत लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा, पण लिहा. दहावी झाल्यावर ती वही धाकट्या भावंडाच्या हाती द्या. दहा-बारा वर्षांनी तुमच्या गावच्या पावसाविषयी ती वही जे सांगेल, ते दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.