दत्तात्रय रामचंद्र कापरेकर
दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (जन्म : डहाणू, १७ जानेवारी १९०५, मृत्यू : १९८६) हे मराठी गणितज्ञ व शालेय शिक्षक होते. संख्यांतील कोड्यांवर त्यांनी आयुष्यभर संशोधन केले. ६१७४ ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' म्हणून जगभर ओळखली जाते.

जीवन

कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर कापरेकरांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२७ साली त्यांना स्वतंत्र संशोधनासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले, पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळाली येथे शिक्षक होते.

संशोधन

किमान दोन अंक निराळे असलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. रहस्यकथेतील सर्व धागेदोरे एकाच दाराशी पोहोचावेत, तसा हा प्रकार आहे. कापरेकरांच्या जन्मवर्षाला, म्हणजे १९०५ला, पूर्ण सात पायऱ्या लागतात : ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४.

४५चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५; अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' हे नाव दिले. १२ ही अशी एक संख्या. 'डेम्लो संख्यां'ची कल्पना त्यांना आजच्या डोंबिवली स्थानकावर सुचली. त्या स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून हे नाव पडले.

उपेक्षा व मान्यता

भारतातील अनेक गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटे. त्यामुळे कापरेकरांचे बरेचसे लेखन लहान नियतकालिकांत किंवा स्वतःच काढलेल्या पुस्तिकांत प्रसिद्ध झाले. ही उपेक्षा अन्यायाची होती, कारण त्यांची कोडी शाळकरी मुलाला समजतात, पण त्यांतून निघणारे प्रश्न सोपे नसतात. निवृत्तीनंतर तुटपुंज्या निवृत्तिवेतनात भागत नसल्याने त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर परदेशी गणितज्ञांचे लक्ष त्यांच्या संख्यांकडे वळले.